उजवी बाही

२०२४ची संक्रांत १५ जानेवारीला होती. आदल्या रात्री मी शंभूचं बोरन्हाणाचं काळं झबलं शिवून पुरं केलं आणि माप बघायला त्याच्या अंगात घातलं. डावा हात सरळ गेला. उजवा अडला.

मी शिवणकाम करते. आमचं गाव कोरेगाव तालुक्यात, साताऱ्याच्या पूर्वेला. पुढच्या खोलीत मशीन आहे; ब्लाऊज, परकर, फॉल-पिको असं काम करत बारा वर्षं झाली. बाही अडली की माझा पहिला संशय मुंड्यावर जातो. झबलं उतरवून टेप लावली. दोन्ही मुंडे सारखे, दोन्ही बाह्या सारख्या. परत घातलं, परत उजवाच अडला. हात कोपरात वाकलेला, अंगाशी आवळलेला, मूठ मिटलेली. मग मी उजवी बाही उसवली, अर्धा इंच सैल केली आणि परत टीप मारली.

ते झबलं अजून माझ्या कपाटात आहे. कधीकधी काढून बघते. सात महिन्यांच्या माझ्या पोराच्या अंगात काय चाललंय ते माझ्या हातांना कळलं होतं. मी मात्र कापडाला दोष दिला.

खरं तर आमच्या घरात या सगळ्याला आधीच एक नाव मिळालेलं होतं: डावखुरा. माझे सासरे, मी त्यांना मामा म्हणते, जन्माचे डावखुरे. विळा डाव्या हातात, खुरपं डाव्या हातात, सही तेवढी उजव्या हातानं. शाळेत गुरुजींनी डाव्या हातावर छड्या मारमारून पेन्सिल उजवीकडे आणली. त्या छड्या मामा सत्तरीतही विसरलेले नाहीत. शंभू पाचव्या महिन्यात डाव्या हातानं खुळखुळा ओढायला लागला तेव्हा ते हरखून गेले. ‘माझ्यावर गेलाय गं पोरगा,’ म्हणाले. आणि सगळ्यांना बजावलं, याच्या डाव्या हाताला कुणी अडवायचं नाही. आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, प्रसाद उजव्या हातात ठेवायला गेल्या तरी ते ओरडायचे. इतक्या मायेनं जपलेल्या गोष्टीकडे संशयानं बघायचं कुणाला सुचणार?

त्याच्याही आधीच्या गोष्टी होत्या. शंभू जून २०२३ मध्ये झाला, वटपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी. दिवस पूर्ण भरलेले, वजन चांगलं, बाहेर आल्याआल्या रडला. दुसऱ्या रात्री दवाखान्यात झोपेत त्याचा उजवा हात उडायला लागला. एका लयीत, मशीनची सुई खाली-वर होते तसा. मी तो हात माझ्या मुठीत धरला, तरी मुठीच्या आत तो तसाच उडत राहिला. मिनिटभरानं थांबला. शेजारच्या खाटेवरची बाई म्हणाली, ‘सटवाई खेळवतेय.’ सिस्टर येईपर्यंत बाळ शांत झोपलेलं. ‘दचकतात बाळं,’ म्हणून ती गेली.

दचकणं वेगळं असतं, हे मला आठ महिन्यांनी कळलं. दचकलेलं बाळ दोन्ही हात फेकतं. नुसती थरथर असेल तर हात धरला की थांबते. एकाच बाजूचा हात किंवा पाय लयीत उडत राहिला आणि धरूनही थांबला नाही, तर तो झटका असू शकतो. अशा वेळी सकाळची वाट बघायची नाही, तिथल्या तिथे डॉक्टरांना उठवायचं. हे मी प्रत्येक बाळंतिणीला सांगते.

मग मूठ. तान्ह्या बाळाच्या मुठी मिटलेल्याच असतात, तिसऱ्या-चौथ्या महिन्यात त्या उघडायला लागतात. शंभूची डावी उघडली. उजवी तशीच राहिली, अंगठा आत दाबलेला. आंघोळीच्या वेळी मी एकेक बोट सोडवून तळहात पुसायची. आत कापडाचे धागे गोळा झालेले असायचे, कधी ओघळलेलं दूध, आणि एक आंबूस वास. डाव्या तळहाताला तो वास कधीच आला नाही. मालिशवाल्या मावशी म्हणायच्या, ‘मूठ आवळून आलाय, लक्ष्मी धरून ठेवणार बघ.’ मलाही ते ऐकून बरं वाटायचं.

आशाताई तिसऱ्या महिन्यात आल्या, सहाव्यात आल्या. पंधरा महिन्यांपर्यंत दर तीन महिन्यांनी त्यांची फेरी ठरलेली असते. सहाव्या महिन्यात त्यांनी विचारलं, ‘वस्तू पकडतो का?’ मी उत्तर द्यायच्या आत आत्या म्हणाल्या, ‘पकडतो की! एकदा खुळखुळा धरला की सोडतच नाही.’ कार्डावर खूण झाली. आत्या खोटं बोलल्या नव्हत्या. कोणत्या हातानं, एवढंच कुणी विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही.

संक्रांतीच्या संध्याकाळी बोरन्हाण झालं. पाटावर शंभू, मागून माझ्या नणंदेनं धरलेला. हलव्याचा मुकुट, हार, दोन्ही हातांत हलव्याच्या मनगट्या. माझ्या भाचीनं मोबाइलवर सगळं टिपलं. चुरमुरे, बोरं, हरभरे, उसाचे करवे डोक्यावरून ओतले तशी गल्लीतली पोरं तुटून पडली. शंभूही खूश. त्याच्या उजव्या मांडीला खेटून एक बोर पडलं होतं. ते घ्यायला त्यानं अख्खं अंग उजवीकडे वळवलं, डावा हात पोटावरून आडवा आणला, दोनदा चुकला, तिसऱ्यांदा पकडलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. उजवा हात बोरापासून चार बोटांवर होता. तो हललाच नाही.

रात्री दागिने उतरवायला बसले. डावी मनगटी तर पहिल्या दोन मिनिटांतच तुटली होती, हलवा सगळा पाटाखाली. उजवी जशीच्या तशी. एक दाणा सुटला नव्हता. तासभर तो पोरगा दंगा करत होता आणि त्या हातातला धागासुद्धा ढिला झाला नव्हता. ती मनगटी हातात घेऊन मी बराच वेळ बसले. मग भाचीकडून व्हिडिओ मागवला आणि पांघरुणात मोबाइल धरून परत परत पाहिला.

पहाटे तो जागा झाला तेव्हा मी त्याचा डावा हात हळूच माझ्या हातात धरून ठेवला आणि खुळखुळा उजवीकडे धरला. त्यानं बघितलं. हसला, पाय झाडले, डावा पाय जास्त. उजवा हात खांद्यापासून थोडा वर आला, मूठ तशीच मिटलेली, आणि खाली पडला. पुन्हा तेच. मग त्याचं तोंड वाकडं झालं आणि तो रडायला लागला. डावा हात सोडल्याबरोबर त्यानं खुळखुळा घेतला आणि गप्प झाला. मी ह्यांना उठवलं.

हे दूध संकलनावर असतात, पहाटे चारला उठणारा माणूस. डोळे चोळत म्हणाले, ‘बाबांसारखाच आहे, एवढंच.’ तरी दोन दिवसांनी माझ्याबरोबर तालुक्याला आले. तिथल्या डॉक्टरांनी वजन घेतलं, छाती तपासली. मी हाताचं सांगितलं. ‘घरात कुणी डावखुरं आहे का?’ त्यांनी विचारलं, आणि आहे म्हटल्यावर पेन खाली ठेवलं. ‘मुलं आपापल्या वेळेनं करतात. वर्षाचा होऊ दे, मग बघू.’ व्हिडिओ दाखवायला मी मोबाइल काढला होता, तो तसाच पर्समध्ये टाकला. बाहेर रांग होती. मला बोलता आलं नाही, याचा राग मला त्यांच्यापेक्षा स्वतःचा जास्त येतो. ह्यांना मात्र हायसं वाटलं. वाटेत त्यांनी उसाचा रस पाजला.

फेब्रुवारीत अंगणवाडीत आरोग्य पथक आलं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं. हा कार्यक्रम २०१३ साली पालघरहून सुरू झाला, आपल्याच राज्यातून. वर्षातून दोनदा हे पथक प्रत्येक अंगणवाडीत येतं, आणि मी बारा वर्षं त्याच गावात राहूनही कधी तिकडे फिरकले नव्हते. अंगणवाडीताईनं मुद्दाम निरोप धाडला म्हणून गेले. एका सतरंजीवर पोरं, एका कोपऱ्यात वजनकाटा. पथकातल्या डॉक्टर मॅडम तरुण होत्या. मी या वेळी आधी मोबाइल पुढे केला, मग तोंड उघडलं.

त्यांनी बोरन्हाण दोनदा पाहिलं. मग शंभूला सतरंजीवर उताणा झोपवला आणि स्वतःचा स्वच्छ रुमाल त्याच्या तोंडावर अलगद टाकला. डाव्या हातानं त्यानं तो झटक्यात ओढला. परत टाकला, या वेळी डावा हात त्यांनी धरून ठेवला. रुमालाखाली त्याचं डोकं इकडून तिकडे हलायला लागलं. उजवी मूठ गालापर्यंत आली, रुमालाला घासली, बोटं काही उघडली नाहीत. मॅडमनी लगेच रुमाल काढला आणि त्याला हसवलं. मग त्याला छातीखाली दोन्ही हातांनी धरून पालथा उचलला आणि डोकं सतरंजीकडे झुकवलं, पडतोय असं वाटेल इतकंच. डावा हात पुढे आला, पंजा पसरला, जमीन गाठायला. उजवा कोपरात मुडपून छातीशीच राहिला. पडताना हात पुढे टाकणं बाळाला आठव्या-नवव्या महिन्यात आपोआप येतं, आणि ते दोन्ही हातांनी येतं.

‘डावखुरा असेल ना?’ मी विचारलं. मला तेच ऐकायचं होतं.

त्या म्हणाल्या, ‘ताई, कोणता हात आपला हे मूल दोन-तीन वर्षांनी ठरवायला लागतं. वर्षाच्या आत हात ठरत नाही. आठ महिन्यांचं बाळ एकच हात वापरत असेल, तर तो हात हुशार आहे असं समजायचं नाही, दुसऱ्याला काय झालंय ते बघायचं.’ मग जरा थांबून म्हणाल्या, ‘एखादं मूल दहाव्या महिन्यात चालतं, एखादं सतराव्या. त्याला मी थांबा म्हणते. पण एकाच मुलाचे दोन हात दोन वयांचे नसतात.’

तालुक्याचे डॉक्टर म्हणाले ते खोटं नव्हतं, मुलं आपापल्या वेळेनंच करतात. पण शंभूचा प्रश्न वेळेचा नव्हताच, दोन बाजूंमधल्या फरकाचा होता. हे मला त्या सतरंजीवर कळलं. मॅडमनी चिठ्ठी लिहून दिली, जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राची, म्हणजे लहान मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर तपासून उपचार करतात तिथली.

केंद्रात पहिल्या दिवशी आम्ही चार तास होतो. बालरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, कान तपासणारे, डोळे तपासणारे, एकेका खोलीत जायचं. मधल्या वेळात बाकावर. त्या बाकानं मला जितकं शिकवलं तितकं कुणी शिकवलं नाही. शेजारी एक बाई वीस महिन्यांच्या मुलाला घेऊन बसली होती. दीड वर्षाचा होईपर्यंत तो चार शब्द बोलायचा, मग ते शब्द गेले. हाक मारली तरी बघत नाही, चाक फिरवत बसतो. ती म्हणाली, घरी म्हणतात याचा बाप पण उशिरा बोलला. पलीकडे वर्षाची मुलगी. पाचव्या-सहाव्या महिन्यात खूप आवाज काढायची, नंतर गप्प होत गेली. ऐकू न येणारी बाळंही सुरुवातीला तशी कूजन करतात आणि मग हळूहळू थांबतात, हे तिच्या आईला त्या दिवशी कळलं. घरात ताट पाडून तपासलं होतं म्हणे, तेव्हा वळली होती. ताट पडल्याचा हादरा जमिनीतून जातो, पाडणारा माणूस बाळाला दिसतो. त्यावरून कान कळत नाहीत, कानाची तपासणी यंत्रावरच करायची. प्रत्येकीच्या घरी एक नाव होतं: शांत बाळ, आळशी बाळ, बापावर गेलेलं बाळ.

माझ्या पर्समध्ये मापाची वही असते. तिच्या मागच्या पानावर मी थेरपिस्ट मॅडमना विचारून लिहून घेतलं, ते अजून आहे. तीन महिन्यांपर्यंत माणसाकडे बघून हसलं पाहिजे. चार-पाच महिन्यांत मान धरली पाहिजे. नऊ महिन्यांत आधाराशिवाय बसलं पाहिजे. वर्षापर्यंत बोट दाखवणं, टाटा करणं, हाकेला वळणं यांतलं काहीच नसेल तर दाखवायचं. सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही, दीड वर्ष झालं तरी पाऊल नाही, दोन वर्षांत दोन शब्द जोडून बोलत नाही, तरी दाखवायचं. दिवस भरायच्या आधी झालेलं बाळ असेल तर जितके आठवडे लवकर, तितके वजा करून वय धरायचं. रांगलं नाही आणि एकदम उभं राहिलं तर तेवढ्यावरून घाबरायचं नाही. आणि मॅडमनी माझ्या हातातलं पेन घेऊन दोन ओळींखाली रेघ मारली: येत असलेली गोष्ट गेली तर कोणतंही वय असो, लगेच, आणि डाव्या-उजव्यात फरक दिसला तर लगेच.

एमआरआय पुण्याला झाला, मार्चमध्ये. आदल्या रात्री त्याला जागवायचं होतं, म्हणजे सकाळी थोड्या औषधावर झोपेल. हे आणि मी आळीपाळीनं त्याला खांद्यावर घेऊन अंगणात फिरलो. सकाळी त्या यंत्राच्या पोटात माझं एवढंसं पोर गेलं. बाहेर बसून मी ठोक्यांचे आवाज मोजत होते.

डॉक्टरांनी फिल्म उजेडाला धरली. मेंदूच्या डाव्या बाजूला एक जुना डाग. जन्माच्या आसपास मेंदूला रक्त नेणारी एक नस तुंबली, तेवढ्या भागाला रक्त मिळालं नाही. डावा मेंदू उजवं अंग चालवतो, म्हणून उजवा हात, थोडा उजवा पाय. ‘म्हणजे पक्षाघात?’ ह्यांनी विचारलं. तान्ह्या बाळाला पक्षाघात होतो हे आम्ही कधी ऐकलं नव्हतं. होतो. दिवस भरलेल्या, रडलेल्या, चांगल्या वजनाच्या बाळालाही होतो, आणि पुष्कळदा जन्मताना कुणाला कळत नाही. हात वापरायची वेळ येते तेव्हा दिसतो. दुसऱ्या रात्रीचं हात उडणं मी तेव्हा सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग लिहून घेतलं.

आता एक गोष्ट लिहिते, जी मी तोपर्यंत ह्यांनाही सांगितली नव्हती. २५ ऑक्टोबर २०२२ला सूर्यग्रहण होतं, लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी. सूर्य ग्रहणातच मावळला. मला दुसरा महिना चालू होता. दुसऱ्या दिवशी पाडवा आणि भाऊबीज, सहा ब्लाऊज द्यायचे होते. आत्यांनी सांगितलं होतं, ग्रहणात चिरायचं नाही, कापायचं नाही, सुई धरायची नाही. मी आतल्या खोलीत दार लावून दोन ब्लाऊज बेतले. फिल्म बघितली त्या क्षणी माझ्या डोळ्यांपुढे कात्रीच आली. मी डॉक्टरांना विचारलं, सगळ्यांच्या देखत. ते हसले नाहीत, याबद्दल मी त्यांची कायमची ऋणी आहे. त्यांनी पेनानं त्या डागावर बोट ठेवल्यासारखं केलं आणि म्हणाले, ‘हा डाग जन्माच्या आसपासचा आहे. तुमच्या दुसऱ्या महिन्यात तो नव्हताच. तुम्ही कापलं म्हणून नाही, मशीन चालवलं म्हणून नाही, काही खाल्लं म्हणून नाही.’ आत्याही आमच्याबरोबर आल्या होत्या. घरी येईपर्यंत त्या एसटीत गप्प होत्या. रात्री माझ्या ताटात स्वतः भात वाढला आणि म्हणाल्या, ‘कात्रीचं मनातनं काढून टाक.’

मग कामाला लागलो. थेरपिस्ट मॅडमनी सांगितलं, चांगला हात रोज अर्धा तास झाकायचा. आठवड्यातले सहा दिवस, सहा आठवडे. मग थोडी विश्रांती, मग परत सहा आठवडे. डावा हात मोकळा असेल तोवर उजव्याला कामच मिळत नाही, आणि काम मिळालं नाही की मेंदू त्या हाताला विसरत जातो. या वयात मेंदू नव्या वाटा काढू शकतो, म्हणून घाई. आवळून बांधायचं नाही, नुसती पिशवी चढवायची. मी मऊ सुती कापडाची, अस्तर लावलेली पिशवी शिवली, मनगटाला सैल नाडी.

पहिल्या दिवशी मी ती शंभूच्या डाव्या हातात चढवली आणि मामा उठून उभे राहिले. ‘काढ ते,’ म्हणाले. ‘माझ्या नातवाचा डावा हात बांधायचा नाही. माझ्या घरात नाही.’ असा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. मला समजावता येईना. त्यांच्या डोळ्यांपुढे छडी होती, हे कळत होतं. शंभू रडत होता, मीही. शेवटी मी दोन गोष्टी केल्या. एमआरआयची फिल्म खिडकीला लावून तो डाग त्यांना दाखवला. आणि शंभूची उजवी मूठ त्यांच्या हातात दिली, म्हटलं, ‘मामा, तुम्ही उघडून बघा.’

त्यांनी बोटं ओढून बघितली. उघडेनात. ओढायची नसतातच, मनगट आधी आतल्या बाजूला वाकवायचं, मग बोटं आपसूक सैल होतात आणि अंगठा मुळाशी धरून बाहेर घ्यायचा. मी दाखवलं. त्यांनी केलं. त्या पंजात त्यांनी आपलं जाडजूड बोट ठेवलं आणि खूप वेळ तसेच बसले. दुसऱ्या दिवसापासून तो अर्धा तास मामांचा झाला. संध्याकाळी साडेपाचला हातपाय धुऊन ते सतरंजीवर बसायचे. कोमट शिरा ताटलीत पसरायचा आणि शंभूचा उजवा पंजा त्यात ठेवायचा, चिकटलं की तो चाटायला हात तोंडाकडे नेतो. आत्यांच्या जुन्या पाटल्या, लाकडी रवी, पितळी झांजा. सगळं उजवीकडून द्यायचं. पहिले बारा-तेरा दिवस काहीच झालं नाही, नुसतं रडणं. मग एके दिवशी मामांनी मला मशीनवरून हाक मारली. पाटलीत त्याची दोन बोटं अडकली होती आणि त्यानं ती ओढली होती. मुद्दाम ओढली की चुकून, यावर घरात दोन दिवस वाद झाला. चौथ्या दिवशी परत ओढली.

सगळं गोड झालं असं मी लिहिणार नाही. शंभू आता अडीच वर्षांचा आहे. सतरा महिने झाल्यावर, दिवाळीनंतर, चालायला लागला. उजवी टाच उचलून टाकतो, म्हणून पायाला स्प्लिंट आहे, पाय नीट धरून ठेवणारा साचा, आणि त्यामुळे उजवीकडचा बूट एक माप मोठा घ्यावा लागतो. झटके पुन्हा आले नाहीत, पण येऊ शकतात, त्यामुळे ताप आला की मी झोपत नाही. उजव्या हातानं बटण लावणं कधी जमेल, मॅडम सांगत नाहीत, आणि मी विचारायचं सोडलंय. बोलतो भरपूर. उजव्या हाताला तो ‘दादा’ म्हणतो, मामांनी शिकवलं. भाकरी मोडताना ‘दादा, धर’ म्हणतो आणि उजवा पंजा भाकरीवर दाबून ठेवतो, डाव्यानं तुकडा तोडतो. कधी धरतो, कधी भाकरी ताटाबाहेर जाते.

गेल्या महिन्यात एक सूनबाई ब्लाऊजचं माप द्यायला आली, कडेवर साडेचार महिन्यांची मुलगी. माप घेईपर्यंत मी बाळाला मांडीवर घेतलं आणि सवयीनं माझी दोन बोटं तिच्या दोन्ही मुठींत दिली. उजवीनं घट्ट धरलं. डावी मिटलेली, अंगठा आत. मी तिला विचारलं, अंगडं घालताना एक बाही जड जाते का? तिनं माझ्याकडे बघितलं, बाळ उचलून घेतलं आणि म्हणाली, ‘काकू, तुमच्या घरात झालं म्हणून सगळ्यांच्यात नसतं.’ मला बोल लागला नाही. मीही असंच म्हटलं असतं.

ब्लाऊज न्यायला ती आली नाही, तिची सासू आली. ब्लाऊज घडी करून पिशवीत घालताना मी मापाच्या वहीचं पान फाडलं आणि लिहिलं: चार महिने झाल्यावर दोन्ही मुठी उघड्या हव्यात. एकच मिटलेली असेल तर त्या मुठीला कामाला लावायला आत्ताच डॉक्टरांना दाखवायचं. खाली अंगणवाडीत पथक यायची तारीख, केंद्राचा वार, कुठल्या एसटीनं जायचं ते, आणि माझा नंबर. चिठ्ठी ब्लाऊजच्या घडीत नाही ठेवली. बाईंच्या हातात दिली आणि वाचून दाखवली.